हाली, कलदार आणि बीबीए

नांदेडच्या रेल्वेचा कारभार आजही सिकंदराबादहून चालतो. लातूरच्या स्टेशनचा मुंबईहून. दोन्ही गावं मराठवाड्यातली, मधलं अंतर रस्त्यानं तीनेक तासांचं, दोन्हीकडची पोरं भेटल्यावर सारखंच "काय करलालास?" असं विचारणारी. पण नांदेड दक्षिण मध्य रेल्वेत येतं आणि लातूर मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात. बारावी कॉमर्स झालेल्या मुलाला हे कुणी सांगत नाही, कारण रेल्वेच्या विभागाचा बीबीएशी काही संबंध असेल असं कुणाला वाटत नाही. मला वाटतो.

दर उन्हाळ्यात आमच्याकडे हजारो घरांत एकच चर्चा असते. पोरगा-पोरगी हुशार आहे, सायन्स घेतलेलं नाही, सीए व्हायचं की नाही ते नक्की नाही, मग बीबीए करू. पण कुठं? पुणे, मुंबई की हैदराबाद? यंदा आमच्या घरात माझी भाची हाच प्रश्न घेऊन बसली होती. मोबाइलवर तिनं कॉलेजांची तुलना करणारे कितीतरी व्हिडिओ पाहिले. प्लेसमेंट, फीस, होस्टेल, कॅम्पस. त्यात एक गोष्ट नव्हती. 'कुठल्या शहरात शिकायला जायचं' हा प्रश्न आमच्या घरात पहिल्यांदा आलेला नाही. चार पिढ्यांत चार वेळा आला आणि दर वेळी उत्तर वेगळं निघालं. ते उत्तर प्रत्येकानं आपल्या हुशारीनं काढलं असं घरात सांगितलं जातं. मी जितकं वाचत गेलो, तितकं मला दिसत गेलं की पर्याय आधीच कुणीतरी कापूनकोरून समोर ठेवलेले होते.

रूळ

हैदराबादहून मनमाडला जाणारी गोदावरी खोऱ्यातली रेल्वे १९०० च्या सुमाराला सुरू झाली. मीटरगेज. तिच्यावर नांदेड होतं. मुदखेड, उमरी, धर्माबाद, बासर, निजामाबाद, कामारेड्डी करत गाडी हैदराबादला पोचायची. आजही याच वाटेनं जाते. नांदेडच्या माणसाला राजधानी म्हणजे या गाडीच्या टोकाचं शहर.

लातूरची गोष्ट वेगळी. तिथं १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेचे रूळ आले. अडीच फुटांची नॅरोगेज. ही चिमुकली गाडी बार्शीमार्गे कुर्डुवाडीला जायची आणि तिथून पुण्या-मुंबईची मोठी गाडी मिळायची. लातूर निजामाच्या राज्यात, बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात. म्हणजे लातूरचा माल आणि माणूस हद्द ओलांडूनच बाहेर पडे. वाटेत करोडगिरी, म्हणजे जकात. पलीकडे नाणंही वेगळं. निजामाच्या राज्यात हाली शिक्का, इंग्रजी मुलखात कलदार. साधारण सात हाली रुपयांना सहा कलदार असा हिशेब असे.

लातूरच्या आडत बाजारातल्या मुनिमाला हा हिशेब तोंडपाठ असायचा. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्या रस्त्यांवरच्या दुकानांत पोरं बारा-तेराव्या वर्षी बसायची आणि रोजकीर्द, खतावणी, उधारी, व्याज, हुंडी शिकायची. कीर्द मोडीत लिहिलेली. आज बीबीएच्या पहिल्या वर्षाला ज्याला परकीय चलनाचा विनिमय म्हणतात, तो लातूरचा मुनीम बार्शीला तूर पाठवताना रोज करत होता. त्याला कुणी पदवी दिली नाही.

तीन भाषांचा हिशेब

मुंबईत सिडनहॅम कॉलेज १९१३ मध्ये सुरू झालं. आशियातलं पहिलं वाणिज्य महाविद्यालय म्हणून त्याचं नाव घेतात. पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय, म्हणजे आपलं बीएमसीसी, १९४३ चं. आज भाचीच्या यादीत यांची नावं सगळ्यात वर आहेत. पण ही कॉलेजं सुरू झाली तेव्हा नांदेड-लातूरच्या पोराला ती जवळची नव्हती. तो दुसऱ्या राज्याचा प्रजाजन होता.

त्याच्या स्वतःच्या राज्यात १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ उभं राहिलं. शिक्षणाचं माध्यम उर्दू. भारतीय भाषेतून विज्ञान, वैद्यक, कायदा सगळं शिकवणारं एवढं मोठं विद्यापीठ तेव्हा देशात दुसरं नव्हतं. पुस्तकं उर्दूत आणायला खास भाषांतर विभाग होता, शास्त्रीय शब्द घडवले जात होते. ही मोठी गोष्ट होती, आणि ती मान्य करायला हवी. पण राज्यातल्या बहुसंख्य लोकांची भाषा तेलुगू, मराठी किंवा कन्नड होती. १८८४ मध्ये फारसीची जागा उर्दूनं घेतली तेव्हा दरबाराची भाषा बदलली, घरातली नाही. नांदेडचा मुलगा घरी मराठी बोलायचा, दुकानात मोडी लिहायचा आणि कॉलेजात उर्दूतून इम्तिहान द्यायचा. इंग्रजीतून शिकायचं असेल तर हैदराबादलाच निजाम कॉलेज होतं, १८८७ चं. ते मद्रास विद्यापीठाला जोडलेलं. म्हणजे एकाच शहरात दोन कॉलेजं आणि दोन वेगळी जगं. एकीकडे निजामाची नोकरी, दुसरीकडे इंग्रजी मुलखाचे दरवाजे. कुठल्या कॉलेजचा शिक्का कुठं चालतो, हा प्रश्न आजचा नाही.

माझे आजोबा १९४५ च्या आसपास हैदराबादला गेले. नांदेडला रात्री गाडीत बसायचं, सकाळी काचीगुड्याला उतरायचं. सुलतान बाजार आणि कोठीच्या बाजूला मराठी घरं होती, विवेकवर्धिनीसारखी १९०७ पासूनची मराठी शाळा होती. आजोबा तिथं वार लावून जेवत. म्हणजे आठवड्याचे सात वार, सात घरं. सोमवारचं घर वरण पातळ करायचं, गुरुवारच्या घरी तूप मिळायचं, हे त्यांच्या म्हातारपणीही पक्कं लक्षात होतं. १९४७ मध्ये राज्यातलं वातावरण पेटलं, रझाकारांची दहशत वाढली, आणि शिक्षण अर्धवट टाकून ते गावी आले. पुढं नांदेडला एका आडत दुकानात हिशेब लिहायला लागले ते शेवटपर्यंत. घरात वाणिज्याचं शिक्षण आलं ते असं, दुकानाच्या मागच्या दारानं.

त्यांच्या आधीच्या पोरांनी तर याहून मोठी किंमत मोजली होती. १९३८ च्या अखेरीला औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या आणि उस्मानियाच्या वसतिगृहांत विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् म्हटलं. त्यांना कॉलेजातून आणि वसतिगृहांतून काढून टाकण्यात आलं. तेव्हा नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी या मुलांना आपल्याकडे प्रवेश दिला. त्या मुलांमध्ये पुढं पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव होते. दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठानं दार उघडलं म्हणून त्यांचं शिक्षण वाचलं. शहर निवडताना आपण इमारती बघतो. अडचणीत कोण दार उघडेल हेही बघायचं असतं, हे त्या पोरांनी शिकवलं.

मुलकी

हैदराबाद संस्थानात एक शब्द फार महत्त्वाचा होता: मुलकी. १९१९ च्या फर्मानानुसार राज्यात जन्मलेला किंवा पंधरा वर्षं राहिलेला तो मुलकी. सरकारी नोकरी त्याला. बाकी सगळे गैरमुलकी. नांदेडचा, लातूरचा माणूस हैदराबादमध्ये मुलकी होता. घरचा होता.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि संस्थान भारतात आलं. बाहेरून अधिकारी आले, नोकऱ्यांवरून असंतोष वाढला. १९५२ मध्ये हैदराबाद आणि वरंगळच्या रस्त्यांवर विद्यार्थ्यांनी गैरमुलकींनी परत जावं म्हणून आंदोलन केलं, गोळीबार झाला. तोवर मराठवाड्यातला विद्यार्थी मुलकींच्याच बाजूला मोजला जात होता. मग १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले. एका रात्रीत नांदेडच्या माणसासाठी हैदराबाद परराज्य झालं. गाडी तीच, वेळ तीच, भाडं तेच. बदलला तो फक्त मोजणारा.

लातूर जिल्ह्यातल्या दोन प्रसिद्ध माणसांकडे बघा. शिवराज पाटील चाकूरकर १९३५ चे. विज्ञानाची पदवी त्यांनी उस्मानियातून घेतली आणि मग कायदा शिकायला मुंबई गाठली. बाभळगावचे विलासराव देशमुख १९४५ चे. ते पुण्यात गरवारे कॉलेजला आणि पुढं आयएलएस विधी महाविद्यालयात शिकले. एकाच भागातली दोन माणसं, वयात दहा वर्षांचं अंतर, आणि मध्ये १९५६. दोघांच्या आवडीनिवडी काय होत्या ते बाजूला ठेवू. पण एका पिढीची वाट हैदराबादहून जाते आणि पुढच्या पिढीची पुण्याहून, ती का, हे नकाशा बघितला की कळतं.

आज तेलंगणात स्थानिकांसाठी ८५ टक्के जागा राखीव आहेत. मुळात ही व्यवस्था त्याच मुलकी वादातून आली. १९७३ च्या घटनादुरुस्तीनं ३७१ डी हे कलम आलं आणि १९७४ च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं प्रवेशाचे नियम ठरले. उरलेल्या जागांनाही अटी आहेत. खासगी विद्यापीठांची गोष्ट निराळी, तिथं पैसे मोजले की मुलकी-गैरमुलकी कुणी विचारत नाही. ज्या शहरात माझे आजोबा घरचे म्हणून शिकले, त्याच शहरात माझी भाची बाहेरची आहे. तिला मी हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मग आपल्याला आपलं कुठं म्हणायचं?"

आपलं विद्यापीठ

हाच प्रश्न स्वामी रामानंद तीर्थांच्या पिढीला पडला होता. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं. त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयाची सुरुवात केली. गावकुसाबाहेरच्या मुलाला पुणे-मुंबई-हैदराबाद हे पर्यायच नव्हते. मिलिंद आणि त्याचं वसतिगृह हा त्याचा पहिला पर्याय. ही कॉलेजं सुरुवातीला उस्मानियालाच जोडलेली होती. २३ ऑगस्ट १९५८ ला औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं, तेव्हा कुठं पदवीच्या कागदावर आपल्या मुलखाचं नाव आलं.

पण आपलं म्हणजे कुणाचं? २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं या विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. गावोगावी दलितांची घरं जाळली गेली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना जिवे मारण्यात आलं. माझे वडील तेव्हा नांदेडला बीकॉम करत होते. आमच्या घराला झळ लागली नाही. वडिलांच्या बाकावर बसणारा एक मुलगा मात्र त्या ऑगस्टमध्ये वसतिगृहातून गावी गेला आणि वर्गात परत आलाच नाही. त्याचं पुढं काय झालं हे वडिलांना कळलं नाही. कॉमर्सच्या त्या वर्गाबद्दल ते बोलायला लागले की हिशेबाच्या तासापासून सुरुवात करतात आणि या रिकाम्या जागेपाशी येऊन थांबतात.

सोळा वर्षं हा लढा चालला. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. नांदेड, लातूर आणि परभणी (हिंगोली त्यातूनच पुढं वेगळा जिल्हा झाला) हे त्याचं क्षेत्र. भाची ज्या कॉलेजात बारावी झाली त्या आवारात याच विद्यापीठाचा फलक आहे. तिच्या यादीत मात्र ते विद्यापीठ नव्हतं. जवळचं म्हणून ते मोजलंच जात नाही.

पॅटर्न

या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू जनार्दन वाघमारे. ते लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य होते, आणि ज्याला लातूर पॅटर्न म्हणतात तो तिथं घडला. जादा तास, सराव परीक्षा, एकेका विद्यार्थ्यावर लक्ष. ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून गुणवत्ता यादीत लातूरची नावं झळकायला लागली. ज्या गावाला नॅरोगेज होती, ते गाव महाराष्ट्रभरच्या पालकांचं ठिकाण झालं. आज लातूर आणि नांदेड, दोन्हीकडे राज्यातून पोरं नीटची तयारी करायला येतात, खोल्या भाड्यानं घेतात, डबा लावतात.

पण हा पॅटर्न सायन्सचा. सगळं गाव पंधरा-सोळा वर्षांच्या डॉक्टरांना सांभाळण्यात गुंतलेलं असतं तेव्हा कॉमर्सचं पोर मुकाट्यानं बॅग भरून निघतं. बाहेरची पोरं इथं येतात आणि इथली बाहेर जातात. ज्या बाजारात तुरीचे आणि सोयाबीनचे सौदे होतात, जिथं डाळमिलांचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालतो, त्या लातूरच्या मुलाला धंदा शिकायला पुण्याला जावं लागतं, हे मला आजही अजब वाटतं. त्याला 'सप्लाय चेन' हा शब्द तिथं शिकवतात. साखळी मात्र त्याच्या मामाच्या दुकानातून निघालेली असते.

मीही गेलो. २००३ मध्ये, पुण्याला, बीकॉमसाठी. पहिल्या आठवड्यात वर्गात कुणीतरी विचारलं आणि मी "जेवण करलालो" म्हणालो, तेव्हा मागच्या दोन रांगा हसल्या. वर्षभर माझं नाव 'करलालो' होतं. मराठी राज्यात मराठी बोलल्याबद्दल. आजोबांना हैदराबादेत उर्दूतून शिकावं लागलं, पण त्यांच्या मराठीला तिथं कुणी हसलं नव्हतं. पुण्यानं मला हिशेब दिला, नोकरी दिली, मित्रही दिले. एक वर्ष गप्प बसायलाही लावलं. शहराची फीस अशीही असते, ती माहितीपत्रकात छापलेली नसते.

आता

तर बीबीएकडे येऊ. आज चित्र पुन्हा बदललं आहे. २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि महाराष्ट्रात त्यांच्यासाठी सीईटी सुरू झाली. मुंबईच्या काही कॉलेजांनी लगेच बीएमएसचं नाव बदलून 'बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज' असं केलं. म्हणजे त्याच इमारतीत, बऱ्याचदा त्याच शिक्षकांकडून, वेगळ्या नावाची पदवी. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. ज्याचं घर पुण्यात आहे त्याला चौथं वर्ष म्हणजे आणखी एक वर्ष. ज्याचं घर मुखेडला किंवा अहमदपूरला आहे त्याला ते बारा महिन्यांचं खोलीभाडं आणि मेस आहे.

नियम आपल्या बाजूनं वळतातही. वैद्यकीय प्रवेशात ७०-३० चा विभागवार कोटा होता आणि त्यात मराठवाड्याच्या मुलांचं नुकसान होतं अशी वर्षानुवर्षांची तक्रार होती. सप्टेंबर २०२० मध्ये तो रद्द झाला. तेव्हाचे वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख लातूरचेच. १९५३ च्या नागपूर करारातही प्रादेशिक समतोलाबरोबर व्यावसायिक आणि तांत्रिक शिक्षणाचा विषय होता. म्हणजे कुणाच्या पोराला कुठं जागा मिळणार हा घरगुती प्रश्न दिसतो, पण तो राज्य बनवतानाच्या करारांत लिहिलेला असतो.

भाचीबरोबर आम्ही शेवटी एक कोरा कागद घेतला. प्लेसमेंटच्या आकड्यांशेजारी आणखी चार रकाने आखले. तिथल्या नियमात मी घरची मोजली जाते की बाहेरची? पदवीच्या कागदावर नेमकं काय नाव असेल? चौथं वर्ष केलं तर खर्च कोण करणार? आणि रात्री दहा वाजता काही झालं तर त्या शहरात कुणाचं दार वाजवता येईल? चौथ्या रकान्यात पुण्यापुढे माझ्या दोन मित्रांची नावं आली, ज्यातला एक तेव्हा मागच्या रांगेत बसून हसला होता. मुंबईपुढे तिच्या मैत्रिणीची आत्या. हैदराबादपुढे बराच वेळ कुणी नाही, मग वडिलांना आठवलं की आजोबांच्या गुरुवारच्या घरातली मंडळी अजून कोठीलाच राहतात. पाचवी ओळ तिनं स्वतः लिहिली: नांदेड, इथलंच कॉलेज. चौथ्या रकान्यात तिथं जागा पुरली नाही.

ती कुठं जाणार ते सीईटीची यादी लागल्यावर ठरेल. मला तिच्या निवडीची फार काळजी नाही. ती ज्या शहरात जाईल तिथं पोचायला आधी कुणीतरी रूळ टाकलेत, कुणी वसतिगृह उघडलंय, कुणी वर्ग सोडून गेलंय. हे माहीत असलेलं पोर त्या शहरात पाहुण्यासारखं दबून राहत नाही. कुणी हसलं तरी "करलालो" म्हणून जेवण पुरं करतं.